अठरा इंच

मार्च. ॲक्रनच्या रस्त्यांवरचं मीठ अजून धुऊन गेलेलं नाही.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडून मी पुठ्ठ्याचं वर्तुळ कापते आहे,
गाडीच्या कमानीत बसतं का ते पाहायला.

दोन सीटची गाडी, करड्या रंगाची.
घटस्फोटाच्या वाटणीत माझ्याकडे आली तेव्हा
सोळा इंची चाकं होती तिला,
थोरल्याच्या बुटांत धाकट्याची पावलं.

बाबा समोर बसून कॉफी फुंकतात.
एकवीस वर्षं टायरच्या कारखान्यात, कायम दुसरी पाळी.
उजवा अंगठा अर्धाच. उरलेला
अठ्ठ्याहत्तर साली रबर लाटणाऱ्या रुळांत गेला.
आणि ब्याऐंशीत, पेन्शनच्या वेळी,
अंगठा नसलेल्या माणसाला कंपनीनं अंगठा दाखवला.

"किती?" त्यांनी विचारलं.
"अठरा."
"मग रबर किती उरलं?"
मी वाचून दाखवलं: बाजूची भिंत आधी एकशे बारा मिलिमीटर,
आता नव्वद.
डाव्या हाताचा धड अंगठा त्यांनी टेबलावर आडवा ठेवला.
"एवढी हवा गेली.
खड्डा आणि माणूस यांच्यामध्ये
दुसरं असतं तरी काय?"

एमेटच्या दुकानात चाकं भिंतीवर टांगलेली,
दहा आऱ्यांची, काळपट,
आत हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी.
मला हवी होती. एवढंच खरं.
वळणावर पकड, ब्रेकला जागा, ही कारणं मी नंतर शोधली,
आणि ती खोटी नव्हती, पण नंतरची होती.
"सतरा घे," एमेट म्हणाला,
"सतरावर भांडण नाही कोणाचं."
अठरावर व्यास पाच मिलिमीटरनं वाढतो,
काटा साठ दाखवेल तेव्हा तू साडेसाठवर असशील.
"चालायचंच," बाबा मधेच म्हणाले,
"हिची आई तीन वर्षं कमी सांगायची."

मग ते वाकले, गुडघे कुरकुरले,
आणि नव्या टायरवर त्यांनी बोटं फिरवली.
चष्मा खिशातच.
अकरावा आठवडा, त्यांनी वाचलं. साल वाचलं.
परदेशी माल.
जोड कुठे आहे ते शोधलं, सापडेना,
पुन्हा शोधलं.
"बरा बनवलाय," म्हणाले,
हरलेल्या पैलवानानं जिंकलेल्याची पाठ थोपटावी तसे.

पुठ्ठा खोटं बोलला नव्हता.
पूर्ण वळवूनही कुठे घासलं नाही, एका करंगळीनं वाचलं.
नट आवळले, पान्याचा प्रत्येक कट् ऐकू आला.
पन्नास मैलांनी परत ये, एमेटनं बजावलं.

नदीकडच्या उतारावर पहिलाच खड्डा थेट मणक्यात.
बाबा काही बोलले नाहीत,
म्हणजे सगळं बोलले.
काँक्रीटचे सांधे सीटमधून एकेक वर येऊ लागले,
रस्त्यावरचा खडा न् खडा,
जुन्या चाकांनी इतकी वर्षं मला
यातलं काहीच कळू दिलं नव्हतं.
दात आवळून मनात म्हटलं, सतरा. सतरा घ्यायला हवी होती.

कारखान्याच्या जागी आता भाड्याच्या कोठड्या आहेत,
लोक आपलं नको झालेलं सामान कुलपात ठेवतात.
फाटक नाही, भोंगा नाही,
डांबर कोरं, काळं, तुळतुळीत.
बाबांनी डोळे मिटलेले होते.

टक-टक.

"थांब," ते म्हणाले. "मागे घे."
घेतली.
टक-टक.

"मालगाडीची लाइन. काजळी यायची हिच्यावरून, गंधक यायचं.
उपटलीच नाही लेकांनी,
वरून नुसतं डांबर ओतलंय.
रूळ आहेत, लोर्ना. खाली आहेत अजून."

अर्धा अंगठा त्यांनी दाराच्या पत्र्यावर टेकवला,
नाडी बघावी तसा.
"पुन्हा एकदा."

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.
मी रिव्हर्स टाकला.